थंडीतली मोटारसायकल आणि आपले पाय



डिसेंबर उजाडला की आमच्या नाशिक जिल्ह्याकडे वर्तमानपत्रात एक आकडा ठळक छापून येऊ लागतो. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर त्या पहाटे पारा किती खाली उतरला, तो आकडा. कधी नऊ, कधी सात, एखाद्या वर्षी त्याच्याही बराच खाली. द्राक्षबागाईतदार तो वाचतो आणि रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतील काय, ह्या विचारात पडतो. गहू पेरलेला शेतकरी तोच आकडा वाचून खूष होतो. पण पहाटे साडेपाचला दुधाच्या किटल्या अडकवून मोटारसायकलवर निघालेला गडी, किंवा शनिवारची सकाळची शाळा गाठायला तालुक्याच्या गावाहून खेड्याकडे निघालेले गुरुजी आणि बाई, ह्यांना तो आकडा वर्तमानपत्रातून कळावा लागत नाही. त्यांना तो पायांच्या बोटांतून कळतो.

आज बोलायचे आहे ते ह्या बोटांविषयी. आपण म्हणाल, आकाशवाणीवरून बोलायला हा काय विषय झाला? पाय गार पडले तर पडले, पोचल्यावर शेकोटीला धरावे आणि चहा घ्यावा, संपलं. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. माझे मत कसे बदलले तेवढे आधी सांगतो.

माझी शाळा मी राहत होतो तिथून २२ किलोमीटरवर. जानेवारीतला शनिवार होता. धुके इतके की रस्त्याकडेच्या बाभळी जवळ आल्यावरच दिसत. माझ्या पायात बूट होते, मोजेही होते. किंबहुना थंडी जास्त म्हणून त्या दिवशी मी एकावर एक दोन सुती मोजे चढवून पाय त्या बुटांत कोंबले होते. अर्धी वाट गेल्यावर बोटे दुखायला लागली. मग दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. तेवढ्यात धुक्यातून उसाची बैलगाडी पुढ्यात आली. मागे कंदील नाही, लाल पत्रा नाही, नुसते उसाचे वाढे लोंबताहेत. मी उजवा पाय ब्रेकवर दाबला. म्हणजे दाबला असे मला वाटले. पाय होता पाय ठेवायच्या दांडीवर, आणि मी सारा जोर त्या दांडीवर देत होतो! पायाखाली ब्रेक आहे की दांडी, हे सांगणारी बोटेच जागी नव्हती. मग हातातला ब्रेक घाईने आवळला, गाडी घसरली आणि मी बाजूच्या मातीत गेलो. घोटा मुरगळला. त्याहून अधिक काही झाले नाही, हे नशीब.

बैलगाडीवाले आबा खाली उतरले, त्यांनी मला उठवून बसवले. “गुरुजी, लागलं का हो?” म्हणाले. मी म्हटलं, “आबा, पाय हाये का नाही तेच कळंना.” तेव्हा त्यांनी गाडीतले एक बारदान ओढून काढले. त्यात उसाचे कोरडे पाचट भरलेले होते. रात्रभर ते ह्या पोत्यात पाय घालून गाडी हाकत आले होते. “ह्याच्यात घाला पाय,” म्हणाले. मी घातले. आतमध्ये पिठाच्या गिरणीत असावी तशी ऊब! माझ्या पायात दुकानातले बूट आणि दोन-दोन मोजे, त्यांच्या पायात टायरच्या चपला. पण पाय गरम कोणाचे, तर त्यांचे. असे का व्हावे, ह्याचा शोध घेता घेता मी जे काही शिकलो ते आज आपल्याला सांगतो आहे.

एक हिशेब शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी फळ्यावर मांडून दाखवावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. बधिर पायाने ब्रेक शोधायला अर्धा सेकंद जास्त घेतला, तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. साडेपाच मीटर म्हणजे जवळजवळ एक बैलगाडी आणि तिचे बैल. पाय गार पडणे हा सोसण्याचा प्रश्न नाही म्हणतो तो ह्यासाठी. डाव्या पायाने गिअर, उजव्या पायाने ब्रेक, ही कामे आपण डोळ्यांनी करत नाही, तळव्याने करतो.

आता पायच आधी का गारठतात ते पाहू. आपल्या शरीराच्या आतल्या भागाची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस राखली गेली पाहिजे. काळीज, मेंदू, यकृत ह्यांना त्यात फार उणेअधिक चालत नाही. बाहेर थंडी वाढली की शरीर घरातल्या जाणत्या बाईसारखे वागते. दुष्काळात पाणी आधी माणसांना, गुरांना, मग उरले तर अंगणातल्या तुळशीला. तसे ते हातापायांच्या कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि गरम रक्त आतल्या भागासाठी राखून ठेवते. पावलात हाडे आणि शिरा पुष्कळ, मांस थोडे. त्यामुळे स्वतःची ऊब स्वतः तयार करणे पावलाला जमत नाही. त्याला वरून येणाऱ्या रक्तावरच भागवावे लागते. ते कमी झाले की पाऊल गार पडते. चालणाऱ्या माणसाचे पाय एवढे गारठत नाहीत, कारण चालताना पोटऱ्या काम करतात. मोटारसायकलवर मात्र पाय एका जागी टांगल्यासारखे असतात, आणि वर समोरून वारा.

सर टॉमस लुईस ह्या ब्रिटिश वैद्यांनी १९३० मध्ये एक गंमतीची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवले की रक्तवाहिन्या आधी आकसतात, बोट दुखते, पण काही मिनिटांनी त्या आपोआप थोड्या सैल होतात आणि बोटात पुन्हा ऊब येते. मग पुन्हा आकसतात. बोट अगदीच मरून जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय दिसते. पण सारे अंगच गारठलेले असले तर ही सोय नीट चालत नाही. तेव्हा पाय गरम ठेवायचे तर छाती, पोट, मान आणि डोके आधी गरम ठेवले पाहिजे. कानटोपी आणि मफलर ह्यांचा पायांशी संबंध आहे हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, पण आहे. अंगात स्वेटर नसताना नुसते मोजे वाढवणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना पाट रुंद करणे होय. डोक्यावर हेल्मेट असले तरी त्याखाली पातळ कानटोपी बसते. हेल्मेट काढून कानटोपी घालणारे काही महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

आता वाऱ्याकडे येऊ. आपल्या अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर सदैव चिकटलेला असतो. निवांत बसलो तर तो टिकतो. वारा आला की तो थर पुसला जातो, शरीर नवा थर तापवते, वारा तोही नेतो. मोटारसायकलवर हे अखंड चालते. वारा पडलेला असला तरी आपला वेग हाच आपला वारा. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल ह्या दोघा अमेरिकनांनी दक्षिण ध्रुवखंडावर ह्याचा अभ्यास केला. डब्यात पाणी भरून ते उघड्या वाऱ्यात टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा तो साधा प्रयोग. त्याचा वृत्तांत १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने नवे सूत्र ठरवले. त्या सूत्राप्रमाणे हवा १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या चेहऱ्याला सुमारे ६ अंशांसारखी थंडी वाटते. हवा ५ अंश आणि वेग ५० असेल तर शून्याच्याही किंचित खाली गेल्यासारखी. निफाडच्या थंडीत गाडी ताशी ५० ने हाकणारा माणूस, त्याच्या गालांपुरते बोलायचे तर, क्षणभर हिमाचलात जाऊन येतो म्हणा ना.

इथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. गाडीच्या हँडलला उष्णतामापक बांधला तर तो वाऱ्यामुळे शून्य दाखवणार नाही, ५ च दाखवील. वारा हवेची उष्णता कमी करत नाही. आपल्या अंगातली उष्णता तो जलद पळवतो, इतकेच. मुलांना हा प्रश्न घालून पहावा; निम्मा वर्ग चुकतो. माझ्या वर्गात तर चुकायचाच.

आणि ओलावा. हा तिसरा शत्रू, आणि माझ्या मते सर्वांत लबाड. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. शिवाय तळव्यांना घाम फार. अंगाच्या इतर भागांपेक्षा तळव्यावर घामाच्या ग्रंथी कितीतरी दाट असतात. दूधवाल्यांचे तर आणखी अवघड. गोठ्यात उभे राहून धार काढायची, किटल्या विसळायच्या, दवाने भिजलेल्या गवतातून यायचे, आणि त्याच ओल्या मोज्यांनिशी गाडीला किक मारायची. उन्हाळ्यात पाणी गार व्हावे म्हणून आपण माठाला ओले फडके गुंडाळतो आणि तो वाऱ्यावर ठेवतो. ओला मोजा घालून मोटारसायकल चालवणे म्हणजे आपल्या पायाचा माठ करणे आहे, दुसरे काही नाही.

हे शाळेत करून दाखवता येते, आणि पैसा लागत नाही. सारख्या तीन बाटल्या घ्याव्यात. तिन्हींत एकाच पातेल्यातले सोसवेल इतके गरम पाणी भरून झाकणे लावावीत. एका बाटलीला कोरडा सुती मोजा चढवावा, दुसरीला भिजवून पिळलेला सुती मोजा, तिसरीला तसाच भिजवून पिळलेला लोकरीचा मोजा. तिन्ही पंख्याखाली ठेवाव्यात. वीज नसेल तर ओटीवर वाऱ्यात. पंधरा-वीस मिनिटांनी उष्णतामापकाने पाणी पहावे. नसेल तर बोटानेही कळते. कोरड्या मोज्याची बाटली सर्वांत गरम राहिलेली दिसेल. सुती आणि लोकरी ह्या दोन ओल्या मोज्यांत किती अंतर पडले ते मुलांनीच मोजून वहीत लिहावे. सूत पाणी पिऊन लोळागोळा होते आणि त्यातली हवा निघून जाते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ ओल पोटात घेते तरी हाताला फारशी ओली लागत नाही, आणि तिचे कुरळे केस उभे राहून हवा धरून ठेवतात. पाचटाच्या पोत्यातही हेच होते. ऊब पाचटाची नव्हती. पाचटाच्या काड्यांमध्ये अडकून राहिलेल्या कोरड्या हवेची होती, आणि बारदानाने वारा अडवला होता.

तेव्हा आता माझे दोन मोजे का हरले हे आपल्या ध्यानात आले असेल. बूट घट्ट, त्यात दोन मोजे. आत हवेला जागाच उरली नाही. वर आवळलेल्या पायातले रक्त आणखी कमी झाले. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जमच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय निकामी झाले. ओल, गारवा, घट्ट बूट, पोटरीला आवळलेल्या पट्ट्या आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे. हिमदंश होण्याइतकी थंडी नसतानाही ते झाले. पुढे अधिकाऱ्यांनी सैनिकांचे पाय रोज तपासण्याचा आणि मोजे बदलवण्याचा नियमच घातला. आपले दूधवाले खंदकात नाहीत हे खरे, पण गोष्टी त्याच आहेत.

मग करावे काय?

चपलेवर निघू नये, हे पहिले. कोल्हापुरी चप्पल अंगाला शोभते, गाडीवर पहाटे शोभत नाही. बूट बंद हवा, घोट्याच्या वर येणारा असला तर उत्तम, आणि जाड मोजा घालूनही आत बोटे हलवता आली पाहिजेत. म्हणून थंडीचा बूट विकत घेताना दुकानात जाड मोजा घालूनच जावे. एक माप मोठा घ्यावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

बुटाचा तळ ही आपली पुष्कळांची दुर्लक्षिलेली जागा. पाय ज्या लोखंडी दांडीवर ठेवतो ती गार असते आणि तळातून ऊब खेचते. ह्यावर आपल्याकडे एक सोने पडलेले असते, पण ते आपण गुरांच्या अंगावर टाकतो किंवा उंदरांना देतो. जुने घोंगडे! दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, टोचणारे, धनगरी घोंगडे. त्याचा फाटका तुकडा घेऊन त्यावर पाऊल ठेवावे, खडूने आकार काढावा आणि कात्रीने कापून बुटाच्या तळाशी घालावा. टोचतो म्हणून वर मोजा आहेच. मी एकदा सहा जोड कापले होते. शाळेतल्या सगळ्यांना वाटले. संध्याकाळी ते बाहेर काढून वाळत घालावेत, एवढी मात्र काळजी घ्यावी.

मोजा लोकरीचा नसेल तर पातळ कोरडा मोजा, आणि त्यावर पंजाला, म्हणजे बोटांपुरता, वर्तमानपत्राचा एक पदर गुंडाळून मग बूट. कागद वारा अडवतो आणि थोडा घामही पितो. ही युक्ती माझी नाही. फ्रान्समधल्या सायकलींच्या मोठ्या शर्यतीत घाट चढून गेलेले शर्यतवाले उतरणीला लागण्यापूर्वी छातीशी वर्तमानपत्र खुपसत असत, म्हणजे उतारावरचा वारा छातीत भरू नये. शाळेत पोचल्यावर कागद काढून टाकावा. परतीला दुसरा घ्यावा.

काही जण बुटावरून दुधाची किंवा खताची प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. वारा अडतो हे खरे. पण पिशवी बुटाच्या वर नको. एक तर ती ब्रेकवरून आणि गिअरवरून घसरते. दुसरे म्हणजे तापलेल्या सायलेन्सरला लागली की वितळून चिकटते. बांधायचीच तर बुटाच्या आत, मोज्यावरून, आणि तीही तासाभराच्या आतल्या प्रवासाला. त्याहून जास्त वेळ झाला की घाम आतच कोंडतो, आणि मग पुन्हा आपला माठ. गमबुटांचेही तेच. पाणी आत येत नाही तसा घाम बाहेर जात नाही. गमबूट घालणाऱ्याने लोकरी मोज्याचा एक जादा जोड खिशात ठेवावा.

आणि दूधवाल्यांसाठी ह्यातली एकच गोष्ट मला खूण गाठ बांधून सांगायची आहे. गाडीवर बसण्याआधी मोजे बदला. गोठ्यातले मोजे वेगळे, गाडीवरचे वेगळे. दोरीवरचा कोरडा जोड स्वेटरच्या आत छातीशी ठेवून गोठ्यात जायचे, म्हणजे घालताना तो गरमही लागतो.

आता वारा अडवण्याचा खरा उपाय. स्कूटरवाल्यांना हा त्रास कमी का? १९४६ मध्ये इटलीत कोरादिनो द’आस्कानियो ह्या विमानविद्येच्या अभियंत्याने व्हेस्पा स्कूटर घडवली तेव्हा त्याने पुढे पत्र्याची सबंध ढाल घातली, म्हणजे चालवणाऱ्याच्या कपड्यांवर चिखल उडू नये. चिखल अडला तसा वाराही अडला. मोटारसायकलला ती ढाल नाही. जर्मनीतल्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या १९२३ पासूनच्या गाड्यांत इंजिनाचे दोन सिलिंडर डावीउजवीकडे आडवे बाहेर आलेले असत, त्यांची धग नडग्यांना आयतीच मिळे. आपल्या गाड्यांचा सिलिंडर मधोमध. धग जाते ती बहुतेक वाऱ्यावर.

पण आपल्या गाडीला पुढे लोखंडी लेगगार्ड असतो. त्याच्या डाव्या आणि उजव्या कमानीत रेक्झिनचा किंवा ताडपत्रीचा एकेक तुकडा ताणून शिवून घ्यावा. उत्तरेकडे, जिथे थंडी आपल्याहून कडक, तिथे असे पडदे लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आमच्या गावी चपला शिवणाऱ्या कारागिराने ते काम तासाभरात करून दिले. पाय ह्या पडद्याच्या आडोशाला आले की फरक पहिल्याच दिवशी कळतो; मोज्यांच्या दोन जोडांनी होत नाही ते काम तो करतो.

मात्र ह्यात चुका होतात, त्या ऐकून ठेवा. पडदा एकसंध करू नये. दोन कमानींच्या मध्ये, इंजिनाच्या समोर, जागा मोकळी सोडावी. आपल्या गावाकडच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन वाऱ्यानेच थंड होते. त्यावरचे ते पत्र्याचे पापुद्रे शोभेसाठी नाहीत. त्यांचा वारा कोंडला तर पाय गरम होतील आणि इंजिन जळेल. पडदा खालीवर दोन्हीकडे घट्ट बांधावा. फडफडणारे टोक चाकात किंवा साखळीत जाते. लावल्यावर गाडी उभी असतानाच हँडल दोन्हीकडे पुरते वळवून पहावे, ब्रेक आणि गिअर दाबून पहावेत. आणि पडदा फार रुंद करू नये, नाही तर आडवा वारा आला की गाडीला शीड लावल्यासारखे होते.

शाल किंवा चादर गुडघ्यांवर गुंडाळून निघणारे पुष्कळ. गुडघे झाकावेत हे बरोबरच आहे. गुडघा गारठला की खालचे पाऊल गारठतेच. पण शालीचे टोक मागच्या चाकात जाऊन काय होते ते मी सांगायला नको. पँटवरून दुसरी सैल पँट चढवावी, किंवा जुन्या पँटचे पाय कापून गुडघ्यावर ओढावेत. ते बरे. साडी नेसून स्कूटीवर जाणाऱ्या बाईंनी आतून लोकरी पायमोजे घालावेत, आणि अंगठा वेगळा असलेले मोजे सँडलमध्येही चालतात. पण पहाटेच्या वेळी पुढून उघडी सँडल नकोच.

मुलांविषयी एक सांगितले पाहिजे. बाप गाडी चालवतो आणि मुलगा पुढे टाकीवर. बापाला वारा लागत नाही, कारण तो सगळा मुलाने अंगावर घेतलेला असतो! त्याचे पाय लोंबकळत असतात, पायात शाळेचा पातळ बूट, आणि ते पोर तोंडाने काही बोलत नाही. मुलाला मागे बसवावे, हेल्मेट घालावे, आणि उतरल्यावर त्याच्या पायाला हात लावून पहावा. वर्गात पहिल्या तासाला एखादे मूल लिहीत नाही, गप्प बसून राहते. गुरुजींना वाटते अभ्यास झाला नसेल. कधी कधी ते नुसते गारठलेले असते.

गाडीवर असताना बुटातल्या बुटात बोटे हलवत राहावीत, आकसावीत, सोडावीत. दर १५-२० किलोमीटरला उतरून चार मिनिटे चालावे. निघण्यापूर्वी पोटात भाकरी असावी. रिकाम्या पोटी भट्टी पेटत नाही. विडी, तंबाखू आणि मशेरी ह्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा “थंडी वाजते म्हणून एक विडी” हा हिशेब उलटा आहे. दारूचा तर त्याहून उलटा: कातडीला गरम वाटते, कारण आतली ऊब बाहेर निघून चाललेली असते, आणि गाडी चालवायची असताना तिचे नावही काढू नये.

बाजारात आता विजेवर तापणारे मोजे आणि लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या मिळतात. ह्या पुडीतले लोखंड हवेने गंजते आणि गंजताना उष्णता देते, हे शास्त्र मुलांना सांगण्यासारखे आहे. पण पुडी उघड्या कातडीला लावू नये. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. माझे घोंगडे मी त्यांच्यासाठी सोडणार नाही.

पोचल्यावर आपण काय करतो? बधिर पाय शेकोटीत धरतो. हे करू नका. बधिर कातडीला चटका समजत नाही. ऊब वाटेपर्यंत फोड आलेला असतो. सायलेन्सरवर बूट टेकवणारेही असतात, तेही तसेच. ओले मोजे काढावेत, पाय पुसावेत, कोरड्या लोकरीत गुंडाळावेत, चालावे. पाण्यात बुडवायचे तर कोमट, आणि ते कोमट आहे की नाही हे पायाने नव्हे, कोपराने पहावे. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. त्यांच्या पायांची जाणीव थंडी नसतानाही कमी झालेली असते. लहानसा फोड चिघळून पाय गमावण्याची पाळी आलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांनी रोज रात्री दिव्याखाली तळवे पहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्यांनी पहावेत.

काहींची बोटे गारठ्यानंतर काही तासांनी लालजांभळी होतात, सुजतात आणि भयंकर खाजतात. पुष्कळदा गार पाय एकदम शेकल्याने हे होते. खाजवू नये, शेकू नये, पाय कोरडे व उबदार ठेवावेत. एक ते तीन आठवड्यांत ते सहसा बरे होते. पण बोट पांढरेफटक पडून तासाभरातही रंगावर येत नसेल, किंवा फोड, जखम झाली असेल, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

पुढे त्या आबांची एकदा कारखान्याच्या वाटेवर गाठ पडली. मी गाडी थांबवून त्यांना लेगगार्डचे पडदे दाखवले, घोंगड्याचा तळ काढून दाखवला. त्यांनी सगळे निरखून पाहिले, पडदा बोटाने दाबून पाहिला. “बरं केलंत गुरुजी,” म्हणाले, “पण मला आधी त्या गाडीला मागं लावायला काहीतरी द्या.” दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानातून लाल चकाकणाऱ्या दोन पट्ट्या आणल्या आणि आम्ही दोघांनी मिळून त्या बैलगाडीच्या मागच्या फळीला खिळ्यांनी ठोकल्या.